मांडूळ निघालं? काटा बाजूला ठेवा

माझ्या दुकानात दोन काटे आहेत. एक खाली, पोती तोलायचा. दुसरा टेबलावरचा, इलेक्ट्रॉनिक. सुटं बी, पेंड, कधी शेजारणीची गुळाची ढेप. दोन्ही दरवर्षी वजनमापे खात्याकडून पडताळून घेतो, शिक्का असतो. दुकान सोलापूर-बार्शी रस्त्यावर, नान्नजच्या अलीकडं. खत, बी, औषधं.

या टेबलावरच्या काट्यावर 2011 साली मी एक मांडूळ तोललं, म्हणजे लोक ज्याला दोन तोंडांचा म्हणतात आणि कोटींना विकला जातो असं समजतात तो साप. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगायला तोंड नाही मला.

जूनचा महिना, पहिला पाऊस होऊन गेलेला. रात्री साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलं होतं. चुलतभाऊ आणि त्याचा मेहुणा वाकून आत आले. हातात युरियाचं रिकामं पोतं, तोंडाला सुतळी. "दादा, काटा चालू कर की जरा." मला वाटलं कोंबडा असेल, पैजेबिजेचा. घमेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि त्यांनी पोतं उलटं केलं. जाडजूड, तपकिरी, अंगाला ओली माती चिकटलेली. पळालं नाही, फुसफुसलं नाही. वेटोळं करून डोकं त्याच्याखाली खुपसलं आणि शेपूट तेवढं वर धरलं. मेहुणा त्या शेपटावर बॅटरी मारून सांगायला लागला, "हे बघा दुसरं तोंड. आता झोपलंय. सहा महिन्यांनी हे जागं होतंय."

काट्यावर 640 ग्रॅम आलं. मेहुण्याचं तोंड उतरलं. "पार्टी दोन किलोच्या खाली बघतच नाही म्हणलाय."

आणि माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? तीन हिस्से होतील का, हे. बीएस्सी ॲग्री झालेला माणूस मी. शाळेत मांडुळाला एकच तोंड असतं हे शिकलेला. तरी वाकून ते शेपूट बघितलं.

पुढचे एकोणीस दिवस ते जनावर कडब्याच्या शेडमध्ये निळ्या पिंपात होतं. वजन वाढावं म्हणून नळी घालून अंडी ओतायचे. पार्टी आली, जीपमधून, पांढरी पॅन्ट. त्या दिवशीचा पेपर शेजारी ठेवून फोटो काढले, कुठंतरी फोन लावला, 'टेस्टिंग'चे चाळीस हजार आधी लागतील म्हणाले. भावानं म्हैस विकून दिले. नंतर फोन लागेना. विसाव्या दिवशी पिंपातून वास यायला लागला. पोलिसात जायचं तर सांगायचं काय? साप विकताना फसवलं म्हणून? या धंद्याची सगळी मेख इथं आहे. फसलेला माणूस आधीच गुन्हेगार होऊन बसलेला असतो, त्यामुळं तो तोंड उघडत नाही. आणि तो गप्प बसला की गावाला वाटतं, सौदा झाला असेल, आता लपवतोय.

तेव्हापासून आजूबाजूच्या गावात मांडूळ निघालं की कुणी ना कुणी दुकानात येतं किंवा फोटो पाठवतं. त्यांना जे तोंडी सांगतो ते इथं लिहून ठेवतोय.

पहिली दहा मिनिटं

मांडूळ निघतं ते बहुतेक वेळा नांगरटीला, शेततळं खोदताना, नाहीतर गंजीखाली. भुसभुशीत माती ही त्याची राहायची जागा. ट्रॅक्टर किंवा जेसीबी असेल तर आधी इंजिन बंद करा. बकेटनं उचलून बाजूला टाकू नका, त्यात पाठ मोडते.

मग लांबून बघा, कोण आहे ते. मांडूळ असेल तर अंग एकसारखं जाड, मान अशी दिसत नाही, शेपूट बोथट, कापल्यासारखं. रंग साधा तपकिरी किंवा लालसर, पाठीवर नक्षी नाही. पिल्लू असेल तर रंग नारिंगीकडं झुकलेला आणि शेपटाकडं पट्टे. याला विष नाही. पण आपल्याकडं घोणसही आहे आणि जाडसर, सुस्त पडलेली घोणस घाईत बघणाऱ्याला फसवते. तिच्या पाठीवर साखळीसारखे ठिपके असतात, तीन रांगांत, डोकं त्रिकोणी, शेपूट निमुळतं, आणि चिडली की कुकरच्या शिट्टीसारखा आवाज. मधेच एक डुरक्या घोणसही असते, ती मांडुळाचीच भाऊबंद, बिनविषारी, पण नक्षीमुळं लोक तिला घोणस समजून मारतात आणि कधी घोणशीला डुरक्या समजून धरतात. म्हणून नियम एकच: ओळख पटली तरी हात लावायचा नाही. चावलंच काही, तर कापणं नाही, बांधणं नाही, मांत्रिक नाही. हलवाहलव कमी करून सरळ दवाखाना.

मांडूळ बांधाकडं निघालं असेल तर जाऊ द्या. कुणाला फोन करायची गरज नाही. त्याला उचलून चार गावं पलीकडं 'जंगलात' सोडण्यात काही पुण्य नाही. त्याला तुमचाच बांध माहीत आहे, तिथले उंदीर माहीत आहेत. माझ्याकडं उंदराचं औषध न्यायला येणाऱ्या माणसाला मी विचारतो, बांधावर साप दिसतात का? नाही म्हणाला की सांगतो, मग दर हंगामाला येत राहा, माझा धंदा चालतोय. आमची आई तर भावाला तेव्हाच म्हणाली होती, "धरलास की रे त्याला. आता शेंगा कोण राखणार, तुझा सासरा?"

घरात शिरलं असेल, विहिरीत पडलं असेल, जखमी असेल, तर वनविभागाचा नंबर 1926. महाराष्ट्रात कुठूनही लागतो. लागला की गोष्ट सांगत बसू नका. गाव, तालुका, गट नंबर किंवा ओळखीची खूण, जनावर कुठं आहे, जखम आहे का, आणि तुमचा नंबर. समोरच्याचं नाव आणि वेळ कागदावर लिहून घ्या. माणूस येईपर्यंत कुत्री आणि पोरं लांब ठेवा. पोत्यात घालू नका, डब्यात घालू नका. चांगल्या मनानं घातलेलं आणि विकायला घातलेलं पोतं बाहेरून सारखंच दिसतं, आणि कायद्याच्या नजरेत जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. वनविभागाकडं नोंद असलेला सर्पमित्र असेल तर उत्तम. पण सर्पमित्राचं ओळखपत्र बघा. गळ्यात साप घालून रील काढणारा सर्पमित्र मला तरी चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. फोटो काढायचा मोह होणार. काढलात तर काढलात, स्टेटसला ठेवू नका. मागच्या पावसाळ्यात आमच्या शिवारात शेततळ्याच्या खोदाईत एक निघालं. ऑपरेटर पोरगा भला, मशीन थांबवून त्यानं त्याला वाट दिली. पण व्हिडिओ स्टेटसला टाकला, 'शेतकऱ्याचा मित्र' असं लिहून. दुपारी चारपर्यंत त्याला अकरा फोन आले. त्यातले दोन हैदराबादी हिंदीतले. रात्री दोन मोटारसायकली त्या शेतात टॉर्च घेऊन फिरत होत्या. मालकानं जाऊन हाकललं म्हणून बरं.

फोन आला की

या लोकांची भाषा ठरलेली आहे. साप म्हणणार नाहीत, 'माल' म्हणतील. 'डबल इंजिन' म्हणतील. घेणारा कधीच समोर नसतो, तो 'पार्टी' असतो. पार्टी मुंबईत, पार्टीच्या मागं फॉरेनची कंपनी, कंपनीला औषध काढायचंय, कधी कॅन्सरचं, कधी एड्सचं. कुणी म्हणेल पैशाचा पाऊस पाडायला लागतं. मग मागण्या सुरू: आजच्या पेपरसोबत फोटो, वजन करतानाचा व्हिडिओ, लांबी, जिभेचा रंग. प्रत्येक मागणीला तुमचा एक दिवस जातो आणि तुमची हाव एक बोट वर चढते. शेवटी येतं ते टोकन, टेस्टिंग, नाहीतर 'डॉक्टर'चं गाडीभाडं. तांदूळ आपल्याकडं ओढतो म्हणून चमत्कारी सांगतात तो तांब्या विकणारेही हेच, हे माझ्या नजरेस आलंय. एका हंगामात तांब्या, दुसऱ्यात मांडूळ. माणूस तोच.

तुम्ही काय करायचं? वाद घालू नका आणि शहाणपण शिकवू नका. नंबर जपून ठेवा, मेसेजचे स्क्रीनशॉट काढा, व्हॉइस मेसेज असेल तर खोडू नका. मग 1926 किंवा 112. आणि खरोखर कुणाकडं जनावर कोंडून ठेवलंय असं कळलं, तर स्वतः जाऊन सोडवायचं नाही. आमच्याकडच्या एका तरण्या पोरानं गिऱ्हाईक बनून सापळा लावायचा घाट घातला. टोळीच्या गाडीत बसून निघाला. वाटेत गाडी अडवली असती तर सापासोबत तोही आत गेला असता. नशीब, चहाला उतरल्यावर त्याला घाम फुटला आणि त्यानं मला फोन केला. सापळा लावणं हे ज्यांचं काम आहे त्यांना करू द्या. तुम्ही खबर द्या, नाव गुप्त ठेवायला सांगा, आणि घरी जा.

कायदा थोडक्यात, कारण लोक विचारतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. 2022 च्या दुरुस्तीनंतर साधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षणाच्या यादीतला प्राणी असेल तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. गाडी वापरली असेल तर ती जप्त. मेलेलं जनावर सापडलं तरी ते सरकारचं, आणि 48 तासांत कळवायचं असतं. परदेशी व्यापारावरही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराचं बंधन आहे. पण खरं सांगू? हावेला चढलेल्या माणसाला मी कलमं सांगून बघितली आहेत. तो म्हणतो, "कोटी मिळाले तर वकील बघू की."

घरातल्याला समजावताना

म्हणून मी वेगळं काहीतरी विचारतो. सोलापूरच्या मार्केट यार्डात तू कांदा नेलास. गाडी लावली, हमालांनी उतरवला, आडत्यानं बोली लावली, वजन झालं. शेवटी हातात काय आलं? पट्टी. हमाली इतकी, तोलाई इतकी, भाडं इतकं, राहिले इतके. ज्या मालाला भाव असतो त्याची पट्टी असते. मांडुळाची पट्टी बघितलीस का कुणाकडं? पट्टी जाऊ दे, चोरीच्या मालाला पट्टी नसते. एक माणूस दाखव. पंचक्रोशीतला, ज्यानं मांडूळ विकून बोअर मारली, पोरीचं लग्न केलं, स्लॅब टाकला. नाव सांग, आत्ता गाडी काढतो.

नाव येत नाही. 'म्हणतात' येतं. मोहोळकडं एकाला मिळाले म्हणतात. मोहोळला गेलं तर ते म्हणतात पंढरपूरकडं.

मांडुळाच्या व्यापाराची बातम्यांवरून मोजदाद झाली आहे. 2016 ते 2021 या काळात देशभरात जप्तीच्या 172 घटना, आणि सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रातल्या. पकडल्याच्या बातम्या एवढ्या. आता कोटी मिळाल्याची एक बातमी शोधून आण, असं मी भाच्याला सांगितलं होतं. तो तीन दिवस मोबाईलवर होता. त्याला 'दोन कोटींचे मांडूळ जप्त' अशा बातम्या ढिगानं मिळाल्या. माझी तक्रार याच मथळ्यांवर आहे. दोन कोटी कुणी ठरवले? पकडलेल्या आरोपीनं सांगितलं, ते छापलं. तोच मथळा कापून पार्टी पुढच्या गिऱ्हाइकाला पाठवते, पुरावा म्हणून. तुमच्या गावात कुणी बातमी देत असेल तर त्याला हात जोडून सांगा, साप लिही, जप्ती लिही, किंमत लिहू नको.

आणि समोरच्याला नुसतं हावरट म्हणून मोकळं होऊ नका. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शीकडच्या एका शेतकऱ्यानं याच यार्डात 512 किलो कांदा आणला आणि खर्च वजा जाता त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. सगळ्या देशानं वाचलं ते. दोन रुपयांचा चेक बघितलेल्या माणसाला कुणी दोन कोटी म्हणलं तर त्याचे कान टवकारणार. तो ऐकतो तेव्हा मी आधी त्याच्या उधारीचं बोलतो, सापाचं नंतर. दोन वेळा असं झालंय की खताची उधारी पुढच्या हंगामावर ढकलली आणि मांडूळ आपोआप बांधाला लागलं.

बायकांना यात घ्या. पिंप घरात असतं, टेस्टिंगला दागिना त्यांचा जातो, आणि विचारत कुणी नाही. आमच्या भावजयीला त्या दिवसांत एकदा जरी खरं सांगितलं असतं तर म्हैस वाचली असती, असं भाऊच आता म्हणतो.

जत्रेतलं सामान

मांडूळ एकटं नाही. पूजेच्या सामानात 'हत्था जोडी' म्हणून जोडलेल्या हातांसारखी मुळी विकतात, तिजोरीत ठेवायला. ती मुळी नसते. घोरपडीच्या नराचा वाळवलेला अवयव असतो तो. हे ज्याला ज्याला सांगितलं त्यानं ती तिजोरीतून चिमट्यानं उचलली आहे. कोल्ह्याचं शिंग म्हणून विकतात, कोल्ह्याला शिंग नसतं. खवल्या मांजराच्या खवल्यांना औषध म्हणतात. आपल्या नखांत जे असतं तेच त्यात, केराटिन. गुण येत असता तर न्हाव्याकडची नखं विकली गेली असती. दिवाळीच्या अमावास्येला घुबडाची मागणी निघते. पोरांच्या चित्रकलेचा ब्रश घेताना मुंगसाच्या केसांचा नाही ना, विचारा, नायलॉनचा मागा. विकणाऱ्याशी भांडू नका. दुकान कुठं आहे, काय विकतो, एवढं टिपून 1926.

माळढोक पक्ष्याबद्दल लोक मला नेहमी विचारतात, कारण पत्त्यात नान्नज आहे आणि त्याचं अभयारण्य इथंच. माळढोक कुणी पोत्यात घालून विकला नाही. 1979 ला अभयारण्य झालं तेव्हा कागदावर ते 8 हजार 496 चौरस किलोमीटरचं होतं, सोलापूर आणि तेव्हाच्या नगर जिल्ह्यात पसरलेलं. पुढं सव्वाबाराशेवर आलं. लोकांना जमीन विकता येईना, बांधता येईना, ही अडचण खरी होती. माझ्याही नावावर दोन एकर अडकली होती. पण हद्द उठली त्या आठवड्यात चहाच्या टपरीवर चर्चा कसली होती हे मला आठवतं. एकरी दर. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, उघड्या माळावर. त्या माळाला आम्ही 'पडीक' म्हणायचो. लहानपणी वडिलांच्या सायकलवरून जाताना तो पक्षी मी बघितलाय, रांगेत उभ्या माणसासारखा. माझ्या मुलानं फक्त कमानीवरचा बघितला आहे. मांडुळाबाबत अजून तसं झालेलं नाही, म्हणून मी एवढा घसा कोरडा करतो.

काट्याशेजारी आता पाटी लावली आहे, पेंटरकडून करून घेतलेली: 'इथे साप, कासव, घुबड, तांब्या तोलून मिळणार नाही.' पेंटरनं शंभर रुपये कमी घेतले, म्हणाला असली पाटी पहिलीच.

दोन महिन्यांपूर्वी एक पोरगा आला, विशीतला, नंबरप्लेट नसलेली गाडी. पोतं नव्हतं जवळ. पाटी दोनदा वाचली.

"मग कुठं तोलून मिळंल, काका?"

बिलबुकाच्या मागच्या कागदावर चार आकडे लिहून दिले, 1926. त्यानं ते बघितले, माझ्याकडं बघितलं, कागद घडी करून खिशात टाकला आणि गाडीला किक मारली.